फ्लॅट २०३ चा ईएलसीबी, फ्लॅट ३०३ चे बाथरूम आणि समितीने घेतलेली ‘नोंद’

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापक समिती,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था,
गंगापूर रोड, नाशिक

महोदय,

स. न. वि. वि.

माझ्या घरातला ईएलसीबीचा, म्हणजे वीजगळती झाली की घराचा पुरवठा तोडणाऱ्या उपकरणाचा, खटका वर राहत नाही, हे आपल्याला तोंडी सांगून झाले, लेखी देऊन झाले, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून झाले. ग्रुपवर सचिवांनी अंगठा दाखवला. अर्जावर ‘नोंद घेतली’ असा शेरा मिळाला. त्यापुढे काही हालचाल नाही, म्हणून हे पत्र. मी भांडखोर माणूस नाही, हे आपण जाणताच.

सचिवांचे म्हणणे, फ्लॅटच्या आतले वायरिंग हा मेंबरचा प्रश्न. ठीक आहे. माझी सगळी नोकरी सातपूर एमआयडीसीत, मेंटेनन्समध्ये झाली. खटका पडला की लगेच वायरमनला फोन लावणाऱ्यांतला मी नाही. सगळे एमसीबी, म्हणजे एकेका लाइनीचे वेगळे खटके, खाली करून ईएलसीबी वर केला, तर तो राहिला. मग एकेक एमसीबी वर घेत गेलो. हॉल ठीक, किचन ठीक, गीझरची वेगळी लाइन, तीही ठीक. बाथरूम-पॅसेजचा एमसीबी वर केला रे केला की ईएलसीबी ताडकन खाली. त्या लाइनीवरचे दिवे उतरवले, एक्झॉस्ट फॅन सोडवला, फ्रिजची पिन काढली, तरी तेच. म्हणजे दोष माझ्या वस्तूंत नाही, स्लॅबमधल्या वायरिंगमध्ये आहे. महावितरणच्या माणसानेही मीटरपर्यंत सगळे व्यवस्थित असल्याचे पाहून सांगितले.

मग वायरमनला बोलावले. माळ्यावर चढून त्याने जंक्शन बॉक्सच्या झाकणाचा स्क्रू सैल केला, तर तपकिरी पाण्याची धार त्याच्या मनगटावरून थेट कोपरापर्यंत. जोडावरची काळी टेप लिबलिबीत झालेली, आत तांब्यावर हिरवा कळंक. वायरीचे इन्सुलेशन तपासणारा मेगर लावला तेव्हा त्या लाइनीचा काटा शून्यापाशी, म्हणजे इन्सुलेशन गेलेले; बाकीच्या लाइनी उत्तम. वायरींच्या स्लॅबमधल्या कन्सील पाइपात पाणी वरूनच उतरणार, आणि वर ३०३ चे बाथरूम आहे. मे महिन्यात ही मंडळी गावी गेली होती तेव्हा हाच खटका मुकाट्याने वर होता. ती परतली, अंघोळी सुरू झाल्या आणि खटका पुन्हा पडू लागला. आता आम्ही बाथरूममध्ये टॉर्च घेऊन जातो. फ्रिजची वायर हॉलमधून ओढली आहे. ती ओलांडणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ३०३ ची कथा ऐकवावी लागते.

३०३ चे गृहस्थ जिन्यात उभे राहून ‘आमच्याकडे काहीच प्रॉब्लेम नाही’ असे सांगतात. दार मात्र उघडत नाहीत. त्यांनी बाथरूमच्या फरश्या फोडून नव्या बसवल्या तेव्हा जुने वॉटरप्रूफिंग शिल्लक राहिले का, हे कोणी विचारले? राडारोडा आठवडाभर जिन्यात होता, मी बोललो नाही. त्यांच्या कुंड्यांचे पाणी आमच्या कुरडयांवर पडले, मी बोललो नाही. गाडी माझ्या पार्किंगच्या रेषेवर येते, दिवाळीच्या माळांना वीज कॉमन मीटरवरून जाते. गंगापूर धरण भरल्याची बातमी आली की त्यांना नळ बंद करायची गरजच वाटत नाही. हे सर्व विषयाला सोडून आहे. स्वभाव कळावा म्हणून लिहिले.

समितीच्या एका सदस्याने उपाय सुचवला : ‘काका, ईएलसीबी बायपास करून टाका, पूर्वी कुठे होते असले काही?’ हे वाक्य मी लिहून ठेवले आहे. एमसीबी ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किट पाहतो. ईएलसीबी गेलेला आणि परतलेला करंट ताडून पाहतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की पुरवठा तोडतो. तो करंट ओल्या भिंतीतून जमिनीत चालला आहे की माणसाच्या अंगातून, हे त्याला कळत नाही, म्हणूनच तो दोन्हीसाठी पडतो. गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या अशा उपकरणाची सोय केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांतच आहे. ते बायपास करून ओल्या बाथरूममध्ये काही घडले, तर त्याची ‘नोंद’ समिती कोणत्या रजिस्टरला करणार?

नियमांचे म्हणाल, तर गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी मलाही वाचता येतात. मुख्य स्विचपर्यंतच्या तारा सोसायटीच्या, पुढच्या माझ्या, मान्य. पण संडास-सिंकची आतली गळती ज्या सभासदाची, त्यानेच दुरुस्त करायची, हेही तिथेच आहे. पूर्वसूचना देऊन फ्लॅटची तपासणी करण्याची तरतूदही तिथेच आहे. सचिवांचे तेवढे पान वाचायचे राहिले असावे.

आमच्या विंगमधल्या बहुतेकांचे मत हेच आहे. सही मागितली तेव्हा ‘तुम्ही द्या ना काका, आम्ही पाठीशी आहोत’ म्हणाले. त्यांची नावे इथे घालत नाही, पण समितीने त्यांना कमी समजू नये.

माझे मागणे फार नाही. ३०३ ला रीतसर नोटीस द्यावी आणि प्लंबर घेऊन समितीने स्वतः आत जावे. त्यांच्या नहाणीत रंगाचे पाणी ओतावे; माझ्या जंक्शन बॉक्समधून रंग उतरला तर वाद मिटला. नाही उतरला, तर प्लंबरचे पैसे मी देईन. गळती निघेपर्यंत त्यांनी दुसरे बाथरूम वापरावे, त्यांना दोन आहेत. माझ्या वायरी बदलण्याचा खर्चही त्यांच्याकडूनच वसूल व्हावा. हा विषय सिंहस्थासारखा बारा वर्षांनी घ्यायचा असेल तर तसे लेखी कळवावे. ते पत्र जोडून मी उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे जाईन.

कळावे,
आपला,
फ्लॅट २०३

ता. क. मेंटेनन्सचा चेक सोबत आहे, नेहमीप्रमाणे मुदतीच्या आत. पावती या वेळी तरी मिळावी.