सूचना : दादाचं वर्षश्राद्ध आणि रक्तदान

सर्व भावंडांना, काका-काकूंना, आत्यांना नमस्कार.

येत्या रविवारी आपल्या दादाचं वर्षश्राद्ध आहे. विधी सकाळी 9 वाजता गावच्या घरी सुरू होतील, पानं साडेबाराला. कोण कोण येणार ते शुक्रवारपर्यंत इथेच कळवा.

दादा कुणाचा चुलतभाऊ, कुणाचा मामेभाऊ. पण मे महिन्यात गावी जमणाऱ्या आम्हा सगळ्या पोरांचा तो एकच दादा. कमरेला सुके भोपळे बांधून विहिरीत पोहायला शिकवलं ते त्यानेच. कॉलेजपासून तो नेमाने रक्त द्यायचा. थॅलेसेमिया हा रक्ताचा आजार असलेल्या मुलांना दर 2 ते 4 आठवड्यांनी रक्त लागतं आणि सुट्टीत दाते गावी गेले की रक्तपेढ्यांत तुटवडा होतो, हे तो भेटेल त्याला सांगायचा. म्हणून फोटोसाठी मोठे हार आणू नका. त्याऐवजी ज्यांना जमेल त्यांनी या महिन्यात आपापल्या शहरातल्या रक्तपेढीत रक्त द्यावं, अशी माझी मनापासून विनंती आहे. दादाला हेच आवडलं असतं.

वय 18 ते 65, वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन किमान 12.5 हवं. आधीच्या रक्तदानाला पुरुषांचे 3 आणि बायकांचे 4 महिने झालेले असावेत. उपाशीपोटी जाऊ नका. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल तर तिथल्या डॉक्टरांना आधी सांगा.

आणि काकूला फोन जरूर करा. दादाचा विषय टाळू नका, त्याच्याबद्दल बोललं की तिला बरं वाटतं. कुणाकडे त्याचे जुने फोटो असतील तर शनिवारपर्यंत इथे टाका, तिला दाखवायचे आहेत.