काका, तुमच्या लाल चिठ्ठ्यांसाठी

प्रिय काका,

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय.

दोन वर्षांपूर्वी तुमच्या हँगरमध्ये आलो तेव्हा आठवडाभर सॉफ्टवेअरची नोकरी, महिन्यातला एक वीकेंड अमेरिकन नेव्ही रिझर्व्हचं ड्रिल, वर्षातून दोन आठवडे ड्युटी आणि उरलेल्या वेळात हे 1943चं स्टिअरमन, वर-खाली दोन पंखांचं जुनं ट्रेनर विमान, दुरुस्त करणं, असं सगळं चाललेलं. ड्रिलला आम्ही सी-40ए विमानं सांभाळतो, म्हणजे बोइंग 737चंच नेव्हीचं रूप, आणि हँगरमध्ये लाकडाचे पंख, त्यावर कापड, पुढे सात सिलिंडरचं 220 हॉर्सपॉवरचं इंजिन. दुसऱ्या महायुद्धात नेव्हीचे कितीतरी पायलट याच विमानावर शिकले, थोरले बुशसुद्धा, म्हणून माझा जीव त्यात अडकलेला. पण ए अँड पी, म्हणजे विमान मेकॅनिकचं लायसन्स माझ्याकडे नाही, लायसन्सवाला मेकॅनिक स्वतः लक्ष ठेवणार असेल तरच मला हात लावता येतो. रिटायर झाल्यावर निवांत बसायचं सोडून तुम्ही माझ्यासाठी शनिवारचे शनिवार स्टुलावर बसून काढलेत.

तो मार्चमधला शनिवार मी विसरणार नाही. पुढच्या वीकेंडला ड्रिल, ऑफिसात रिलीज, आणि मला काहीही करून वरच्या उजव्या पंखावर कापड चढवायचंच होतं. तुम्ही काही न बोलता टॉर्च घेतलात आणि पुढच्या स्पारला, म्हणजे पंखाचा भार पेलणाऱ्या लांब लाकडी तुळईला, जवळजवळ टेकवून तिरका उजेड मारलात. समोरून बघताना काहीच दिसत नव्हतं, तिरक्या उजेडात मात्र लाकडाच्या रेषांना आडवी, केसाएवढी बारीक रेघ. कम्प्रेशन क्रॅक, म्हणजे दाबाने लाकडाला पडलेली चीर, बहुतेक कधीतरी ग्राउंड लूपमध्ये, विमान जमिनीवर गर्रकन फिरताना, पंख आपटला असणार. कापड चढलं असतं तर ती रेघ आत झाकून गेली असती, आणि तो पंख घेऊन मीच उडणार होतो. सिट्का स्प्रूसच्या लाकडाचा नवीन स्पार बसवण्यात पुढचे सात महिने गेले आणि त्या सात महिन्यांत तुम्ही एकदाही "कधी संपवणार" असं विचारलं नाहीत.

आणि त्या लाल चिठ्ठ्या! अर्धवट राहिलेल्या प्रत्येक गोष्टीला तुम्ही चिठ्ठी बांधायला लावायचात, "नट हातानेच लावलाय, टॉर्क बाकी" (म्हणजे पान्याने नीट आवळायचा राहिलाय), खाली तारीख. नेव्हीत शिफ्ट बदलताना आम्ही हेच करतो, पण स्वतःच्या विमानावर मीच ते करत नव्हतो, सगळं डोक्यात ठेवायचो आणि तीन आठवड्यांनी परत आलो की अर्धा दिवस आठवण्यातच जायचा. आता ऑफिसातही ड्रिलच्या आधीच्या गुरुवारी मी अशीच नोट लिहितो, काय अर्धवट आहे, कशाला हात लावू नका, कुठून सुरू करा. रिझर्व्हवाल्यांची नोकरी 1994च्या युसेरा कायद्याने सुरक्षित असते हो, पण मागे राहिलेलं काम तर टीममधल्याच कोणीतरी करायचं असतं, आणि त्या नोटमुळे त्यांचे रात्रीचे फोन बंद झालेत. हे तुमच्यामुळे, तुम्हाला माहीतही नसेल.

रिब स्टिचिंगला, म्हणजे पंखाच्या आतल्या फासळ्यांना कापड शिवायला, तर दोन माणसं लागतातच. पंख उभा करून एका बाजूला तुम्ही, दुसऱ्या बाजूला मी, लांब सुई आरपार, मेण लावलेला दोरा, गाठ, परत सुई. कापडापलीकडचे तुम्ही दिसत नव्हतात, फक्त सुईचं टोक यायचं आणि "घे" ऐकू यायचं. नोकरी, ड्रिल, रिलीज, त्या दोन तासांत काहीच डोक्यात नसायचं. एवढं शांत मला दुसरीकडे कुठे वाटत नाही, काका.

या वीकेंडला ड्रिल आहे. डाव्या खालच्या पंखाला चिठ्ठी बांधून ठेवलीय, "शिवण सहाव्या रिबपर्यंत झाली, सुई वरच्या ड्रॉवरमध्ये". त्याच्या पुढच्या शनिवारी आठला येतो.

तुमचाच