फी पाठवायची घाई नको

नेरूळ, रविवार

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

व्यापारी तूट वाढली, म्हणजे निर्यातीपेक्षा आयात आणखी जास्त झाली, आता रुपया घसरणार, तेव्हा एफडी मोडा आणि अमेरिकेतली जानेवारीची फी आत्ताच पाठवा, असा तुझा मेसेज. बाबा लगेच बँकेत निघाले होते, मीच थांबवलं. फोनवर सांगितलं तर तू 'हो हो' करून ठेवून देशील, म्हणून लिहिते.

तुझं निम्मं बरोबर आहे. माझ्या टेबलावर दिवसभर बिल ऑफ एंट्रीच, म्हणजे आयात मालाचे कस्टमचे कागदच असतात. रबाळ्याच्या एका कारखान्याचे व्हॉल्व्ह न्हावा शेव्याला उतरतात, इन्व्हॉइस २०,००० डॉलरचं. डॉलर ८३ ला होता तेव्हा त्याचे १६ लाख ६० हजार व्हायचे, ८६ ला गेल्यावर १७ लाख २० हजार. माल तोच. शिवाय कस्टम ड्यूटी रुपयांतल्या किमतीवर लागते, म्हणजे तीही वाढली. हे पैसे द्यायला कारखानदार बँकेकडून डॉलर घेतो. असे घेणारे जास्त आणि निर्यातीचे डॉलर आणून विकणारे कमी, की डॉलर चढतो. आणि रुपया पडला म्हणून आयात लगेच घटत नाही. कच्चं तेल आपण ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो, ते घ्यावंच लागतं. आधी बिलच फुगतं.

पण बातमीत तू वाचलीस ती तूट नुसत्या मालाची. ऐरोलीत बसून तुझे मित्र अमेरिकेतल्या कंपन्यांची कामं करतात, ते डॉलर त्यात नाहीत. आखातातून लोक घरी पाठवतात तेही नाहीत. २०२३-२४ मध्ये मालाची तूट २४० अब्ज डॉलरच्या आसपास होती. हे सगळं जमेस धरल्यावर देशाच्या चालू खात्यावरची तूट उरली जीडीपीच्या जेमतेम ०.७ टक्के. बघायचा आकडा हा.

२०१२-१३ मध्ये हाच आकडा ४.८ टक्के होता, तेल आणि सोन्यापायी. तू तेव्हा शाळेत होतास. तरीही २०१३ चे पहिले चार महिने डॉलर ५४ च्या आसपासच होता, कारण परदेशी गुंतवणूकदारांचे डॉलर येत होते आणि तूट त्यातून भागत होती. मे महिन्यात फेडरल रिझर्व्हच्या, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या, अध्यक्ष बर्नांकींनी बाजारात पैसा ओतणारी रोखेखरेदी कमी करण्याचं सूतोवाच केलं आणि तो ओघ आटला. २८ ऑगस्टला डॉलर ६८ च्या पुढे! तूट आधीपासूनच होती, ती भागवणारे मागे फिरले. मग आयातदार पुढचे डॉलर आधीच घेऊन ठेवू लागले आणि निर्यातदार हातातले मोडेनात, त्यामुळे आणखी घसरण. सरकारने सोन्यावरची ड्यूटी त्या ऑगस्टपर्यंत १० टक्क्यांवर नेली. आपल्याकडच्या लग्नघरांनी सरकारला काय काय ऐकवलं ते विचारू नकोस.

आणि तू राहतोस त्या अमेरिकेची व्यापारी तूट १९७६ पासून दर वर्षी आहे. डॉलर जगालाच साठवून ठेवायला हवा असतो, म्हणून त्यांचं निभावतं. रुपयाला ती चैन नाही.

तेव्हा एका महिन्याच्या आकड्यावर एफडी मोडून व्याज घालवायचं मला पटत नाही. सणासुदीच्या तोंडावर सोन्याची आयात वाढते, तेवढ्यानेही तो आकडा फुगतो. रुपया वर्षानुवर्षं थोडाथोडा उतरतो हे मी धरूनच चालले आहे. निम्मी फी बचत खात्यातून आत्ता पाठवू, उरलेली डिसेंबरमध्ये एफडी पिकल्यावर. बाबांना एवढंच बजावलंय की काउंटरवरचा कार्ड रेट, म्हणजे बँकेने लावलेला ठरीव भाव, मुकाट्याने घेऊ नका, घासाघीस करा. टीव्हीवरचा भाव आणि बँक लावते तो भाव यांत बरंच अंतर असतं, आणि तेवढं तरी आपल्या हातात आहे.

युनिव्हर्सिटीचं फीचं पत्रक पाठव, शेवटची तारीख नीट दिसेल असं. मागच्या वेळेसारखा अर्धा स्क्रीनशॉट नको, बँकवाले घेत नाहीत.

तुझी,
आई