वाफेवरचे पोहे

लोकमान्यनगर, इंदूर

प्रिय सखे,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या पुण्याच्या नव्या घरी रविवारी सकाळी १२ माणसं येणार, हे वाचून फार आनंद झाला. पण तुझ्या पत्राखालची पदार्थांची यादी पाहिली आणि लगेच लिहायला बसले. अळूवड्या, बटाटेवडे, पुऱ्या... सगळं तळणीचं! मग तू त्यांच्यात बसणार कधी?

गेल्या डिसेंबरात माझ्या हातून हेच झालं. मामेसासूबाई पहिल्यांदाच इंदूरला आल्या होत्या. त्यांना गराडू, आपला इंदूरचा तळलेला कंद, खायला घालायचाच, असं मी ठरवलं होतं. तो थंडीतच मिळतो आणि कढईतून काढल्याबरोबर खावा लागतो. मी घाण्यामागून घाणा काढत राहिले, त्या बैठकीत एकट्या टीव्हीसमोर. निघताना म्हणाल्या, "छान झालं होतं गं सगळं, पण तुझ्याशी बोलणंच झालं नाही." ते अजून मनाला लागून आहे.

जानेवारीत नणंदेकडची मंडळी आली तेव्हा गराडू आधीच एकदा तळून ठेवला आणि दुसऱ्यांदा तळताना सगळ्यांना ओट्याशीच बोलावलं. कुणी लिंबू पिळलं, कुणी जिरावन मसाला भुरभुरवला. तासभर कुणी बैठकीत परतलंच नाही.

तू मात्र पोहेच कर, आपले इंदुरी. आठवतं ना, खाली पाणी उकळत असतं आणि वर पोह्यांची परात? वाफ लागत राहते म्हणून ते कोरडे पडत नाहीत. घरी पातेल्यात चार बोटं पाणी, वर चाळणीत पोहे, झाकण आणि मंद आच. नऊला येणाऱ्याला आणि साडेदहाला येणाऱ्याला सारखेच ऊन, मऊ पोहे मिळतील. फोडणीत बडीशेप विसरू नकोस. कांदा, शेव, डाळिंबाचे दाणे, जिरावन वाट्यांमधून वेगळं मांड. प्रत्येकाने आपली बशी आपण सजवावी. नवख्या माणसाच्या हाताला काम मिळालं की तो शेजारच्याशी आपसूक बोलू लागतो, हे मी कितीदा पाहिलंय.

आणि दाराशी एक स्टूल ठेव. गुडघे दुखणारं माणूस चपला काढताना भिंत चाचपतं आणि घरात पाऊल टाकायच्या आधीच ओशाळतं. मला हे आईचे गुडघे धरल्यावर कळलं.

जिरावन आणि लवंगेची शेव कुरिअरने पाठवली आहे. शेव चुलीपासून लांब ठेव, वाफेने सादळेल.

तुझीच,
इंदूरची मैत्रीण