सकाळपर्यंत थांबू नका, असं सांगणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी गौरीजेवणाच्या रात्री साडेनऊला लॅबमधून तुमचा फोन आला. आरती नुकतीच आटोपली होती. मी नमस्कार म्हणायच्या आत तुम्ही विचारलंत, "पेशंट घरीच आहेत ना? हिरड्यांतून रक्त येतंय?" मी हो म्हणालो. "हा डेंगी वाटत नाही. स्लाइड मी स्वतः पाहिली आहे. सकाळपर्यंत थांबू नका, रक्तविकारतज्ज्ञ असतील तिथे आत्ताच्या आत्ता न्या. आणि कुठे आपटू देऊ नका."

पावसाळ्यात पुण्यात ताप आला, प्लेटलेट उतरल्या, की सगळ्यांच्या तोंडी डेंगीच येतो. आम्हीही तेच धरून बसलो होतो. टेस्ट निगेटिव्ह आली तरी "कधी कधी येते तशी" असं ऐकून गप्प राहिलो. माझ्या बायकोच्या मांडीवर हाताएवढे काळेनिळे डाग होते आणि मी पपईच्या पानांचा रस काढत होतो.

मशीनने आकडे छापले होते: प्लेटलेट 14 हजार, पांढऱ्या पेशी 1,800. सणाचा दिवस होता, तो रिपोर्ट सकाळी व्हॉट्सअॅपवर आला असता तरी कोणी तुम्हाला बोल लावला नसता. तुम्ही काच रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरलीत.

पुढे पेढे घेऊन आलो तेव्हा ती काच तुम्ही मला दाखवलीत. जांभळट, वेडीवाकडी पेशी आणि तिच्या पोटात बारीक काड्या, एकमेकींवर रचलेल्या. "मोळीसारख्या दिसतात ना? यावरूनच शंका आली," तुम्ही म्हणालात. माझा डोळा तिथून निघेना.

एपीएल हे नाव मी त्या रात्री पहिल्यांदा ऐकलं. मोठ्या माणसांना होणाऱ्या ल्युकेमियातला, म्हणजे रक्ताच्या कर्करोगातला, हा एक प्रकार. 15 आणि 17 क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत अदलाबदल होतात आणि पांढऱ्या पेशी अर्ध्या वाटेवरच अडतात, पिकतच नाहीत. त्यात रक्त गोठण्याची सगळी घडी विस्कटते. पहिल्या काही दिवसांत मेंदूत किंवा फुप्फुसात रक्तस्राव होऊन माणसं जातात, हे हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी आम्हाला ती सावरल्यावर सांगितलं. म्हणूनच जनुकांच्या रिपोर्टची वाट न बघता, नुसत्या शंकेवर त्यांनी रात्री एक वाजता पहिल्या कॅप्सूल दिल्या. अट्रा म्हणतात, अ जीवनसत्त्वाचंच एक रूप. ते अडलेल्या पेशींना पिकायला लावतं. सोबत प्लाझ्मा आणि प्लेटलेटच्या पिशव्या चालूच होत्या. शंका खरी ठरवणारा रिपोर्ट काही दिवसांनी आला.

दुसरं औषध आर्सेनिक. आमच्या आजीच्या भाषेत सोमल, विष! तेच रोज दोन तास थेंब थेंब तिच्या शिरेत जायचं, आणि मी शेजारी बसून बाटलीकडे बघायचो. हृदयाला जपायचं म्हणून मधून मधून ईसीजी काढायचे, पोटॅशियम-मॅग्नेशियम तपासायचे. दुसऱ्या आठवड्यात तिला धाप लागली, वजन अचानक चार किलोंनी वाढलं. पेशी भराभर पिकू लागल्या की असं होतं म्हणे. स्टेरॉइड दिल्यावर उतार पडला. ते तीन दिवस मी विसरणार नाही.

पांढऱ्या पेशी कमी होत्या, म्हणून नेहमीची केमो तिला द्यावीच लागली नाही. शेजारच्या खाटेवरच्या काकांचा ल्युकेमिया वेगळा, त्यांचे हाल आम्ही रोज पाहत होतो. एकाच नावाखाली इतके निरनिराळे आजार असतात, आणि यातला हा प्रकार वेळेवर सापडला तर बहुतेक जण पूर्ण बरे होतात, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

मेमध्ये शेवटची बाटली संपली. बोनमॅरोत गुणसूत्रांच्या त्या अदलाबदलीचा मागमूस नाही. जूनपासून ती शाळेत शिकवायला जाते, पाचवीचा वर्ग आहे.

मॅडम, तुम्ही तिचं रक्त पाहिलंत, तिला अजून पाहिलेलं नाही. येत्या शनिवारी सकाळी आठला सीबीसीसाठी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीसाठी, ती स्वतः येतेय. पाच मिनिटं बाहेर याल का? तिला तुमच्या पाया पडायचं आहे.

आपला कृतज्ञ,
कोथरूडचा एक नवरा