एमएसडब्ल्यू करायचं तर आधी फील्डवर्क बघा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

बारावीच्या निकालानंतर आपल्या दैनिकात आलेली करिअर पुरवणी वाचली. इंजिनिअरिंगला दोन पानं, ‘एआय’ला एक, हॉटेल मॅनेजमेंटला फोटोसकट चौकट. समाजकार्याच्या वाट्याला तळाशी चार ओळी, त्याही ‘सेवाभावी वृत्तीच्या विद्यार्थ्यांसाठी’ म्हणून. नोकऱ्या कुठं आहेत, शिकायचं काय, दोन वर्षं जातात कशात, यातलं काहीच नाही. जागेची अडचण समजू शकतो. पण त्या ओळी वाचून आमच्या गल्लीतल्या एका मुलीच्या वडिलांनी मला कट्ट्यावर गाठलं आणि विचारलं, ‘काका, हा फुकट काम करायचा कोर्स आहे काय हो?’ त्यांना तिथं उभ्या उभ्या जे सांगितलं, ते जरा सविस्तर लिहितो.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, कामगार कल्याण अधिकारी होतो. मी एमएसडब्ल्यू (मास्टर ऑफ सोशल वर्क, समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालो तेव्हा ‘मास्टर’ एवढंच ऐकून वडिलांनी पोरगा शाळामास्तर होणार म्हणून पेढे वाटले होते. नोकरीत असेपर्यंत फील्डवर्कला येणारी पोरं-पोरी माझ्याकडेच असायची. निवृत्त झाल्यावरही कुणी ना कुणी वही घेऊन घरी येतं. त्यामुळं पालकांना माझं सांगणं एकच असतं: कॉलेजची इमारत, फी आणि प्लेसमेंटचा बोर्ड बघा, पण त्याच्या आधी तिथलं फील्डवर्क बघा. एमएसडब्ल्यूत माणूस तयार होतो तो तिथंच. बाकीचं वाचून कळतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कुठल्याही शाखेच्या पदवीधराला एमएसडब्ल्यू करता येतं, दोन वर्षांचं असतं. आठवड्यातले साधारण दोन दिवस विद्यार्थ्यानं एखाद्या संस्थेत, दवाखान्यात, वस्तीत किंवा कारखान्यात जायचं, हेच फील्डवर्क. जे पाहिलं, बोललं, केलं ते लिहून काढायचं. त्याला पोरं ‘रेकॉर्डिंग’ म्हणतात. मग शिक्षकासमोर एकट्यानं बसून त्या लिखाणाची चिरफाड करून घ्यायची, ती ‘आयसी’, म्हणजे इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स. खेड्यात शिबिर असतं आणि शेवटी एके ठिकाणी सलग महिनाभर काम. कागदावर हे सगळीकडं सारखंच दिसतं.

एक उदाहरण देतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळलेत. आमच्याकडं फेटलिंगला (ओतलेले भाग घासून साफ करायच्या खात्यात) एक कामगार होता, पन्हाळ्याकडचा, नागावात खोली घेऊन राहणारा. कामाला वाघ, पण खाडे फार. सुपरवायझरचं म्हणणं, ‘पगार झाला की गडी गायब.’ फील्डवर्कच्या एका मुलीला मी ही केस दिली. ती राधानगरी तालुक्यातली, अबोल. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये तिनं लिहून आणलं: कामगार व्यसनी आहे, कुटुंबाबाबत बेजबाबदार आहे, समुपदेशनाची गरज आहे. मी विचारलं, हे तू बघितलंस का? नाही, सुपरवायझर म्हणाले. मग सुपरवायझर म्हणाले असं लिही, आणि आधी हजेरीपट घेऊन बस.

हजेरीपटानं पहिली गोष्ट सांगितली. पगार सात तारखेला व्हायचा, खाडे मात्र कधी बाराला, कधी तीसला, कधी मध्येच विसाला. पगाराशी त्यांचा काही मेळ नव्हता. तिनं तारखा एकाखाली एक मांडल्या तेव्हा दिसलं की दर तीन आठवड्यांनी एक-दोन दिवस जातात. मग ती घरी गेली. त्या भेटीचं रेकॉर्डिंग मला अजून आठवतं. दारात लहान सायकल, आत लोखंडी कॉट, भिंतीवर पतसंस्थेचं कॅलेंडर आणि त्यातल्या काही तारखांभोवती लाल पेनानं गोल. खाली वाक्य होतं: ‘गोल कशाचे ते विचारलं नाही.’ मी म्हटलं, का नाही विचारलंस? म्हणाली, ‘पहिल्याच भेटीत विचारलं असतं तर बाई गप्प झाल्या असत्या. मी चहा घेतला आणि परत येते म्हणून सांगितलं.’

दुसऱ्या भेटीत बाईंनी आपणहून सांगितलं. थोरल्या मुलाला थॅलेसेमिया. दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, शिवाय अंगात साठणारं लोह उतरवायची औषधं वेगळी. नवऱ्याच्या धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचं होतं. घरात रक्ताचा आजार आहे हे बाहेर कळलं तर सोयरीक मोडेल, म्हणून नवरा-बायकोनं कुणालाच काही सांगितलं नव्हतं. रजेचं कारण विचारलं की तो ‘गावाकडं काम होतं’ म्हणायचा. दारू प्यालेला माणूसही तेच म्हणतो.

पुढचं काम तसं रुक्ष आहे, पण शिकायचं ते त्यातच असतं. ईएसआयच्या (कामगार राज्य विमा योजनेच्या) कार्डावर त्या मुलाचं नावच लागलेलं नव्हतं, ते लावलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया धरलेला आहे, हे त्या घरात कुणाला माहीत नव्हतं. प्रमाणपत्राचे कागद तिनं गोळा करायला लावले. स्वतः केले नाहीत, त्या बाईंकडून करून घेतले. सुपरवायझरशी बोलून साप्ताहिक सुट्टी रक्ताच्या दिवसाशी जुळवून घेतली. तो अडून बसला, ‘कारण काय लिहू ते सांगा.’ तिनं ‘कौटुंबिक’ एवढंच सांगितलं आणि आजाराचं नाव काढलं नाही. समोरच्यानं विश्वासानं दिलेली माहिती साहेबासमोरही उघडी करायची नाही, हे वर्गात नोट्समध्ये असतंच. पण साहेब समोर बसून टेबल वाजवत असताना ते पाळायचं कसं, ते नोट्समध्ये नसतं. खाडे थांबले. तो कामगार अधूनमधून दारू घेत होता हेही खरंच होतं, आणि ते सुटलं असं मी लिहिणार नाही.

आता दुसरी बाजू. सत्र संपायच्या आठवड्यात कोऱ्या वह्या घेऊन ‘सर, सगळ्या तारखांच्या सह्या एकदम देता का’ म्हणणारी पोरंही मी बघितलीत. त्यांच्यापेक्षा जास्त राग मला त्यांच्या शिक्षकांचा येतो, कारण वर्षभरात एकदाही कुणी कारखान्याच्या गेटवर फिरकलेलं नसतं. कंपन्याही काही कमी नाहीत. फील्डवर्कची पोरं म्हणजे फुकटचे क्लार्क. पर्सोनेल खात्यात बसवून फायलींना नंबर टाकायला लावायचे, दसऱ्याला मशिनपूजेच्या रांगोळीची जबाबदारी द्यायची आणि शेवटी ‘उत्कृष्ट काम’ म्हणून पत्र ठोकून द्यायचं. अशी दोन वर्षं काढलेल्या पोराला मुलाखतीत ‘एखादी केस सांग’ म्हटलं की तो व्याख्या सांगायला लागतो.

तेव्हा प्रवेशाआधी कॉलेजात जाऊन सरळ विचारावं: दुसऱ्या वर्षाची मुलं सध्या कुठं कुठं जातात? एका शिक्षकाकडं किती विद्यार्थी आहेत? आयसी दर आठवड्याला होते का? शक्य झालं तर सीनियर पोरांना कँटीनमध्ये गाठून त्यांची वही बघायला मागावी. लाल पेनानं भरलेली वही असेल तर खुशाल फी भरा. शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत एमएसडब्ल्यूची सोय आहे. पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था, मुंबईत निर्मला निकेतन आणि ‘टिस’ (टाटा समाजविज्ञान संस्था) आहे. टिस तर १९३६ ची, देशातली समाजकार्याची पहिली शिक्षणसंस्था. तिचं तुळजापूरलाही केंद्र आहे. लांब गेलं म्हणजेच चांगलं शिकायला मिळतं असं नाही. कोल्हापुरात वीस-पंचवीस किलोमीटरच्या फेऱ्यात फाउंड्री, साखर कारखाने, ऊसतोडीच्या खोपटी, सीपीआरसारखं मोठं सरकारी रुग्णालय आणि पुराखाली जाणारी गावं, एवढं सगळं आहे. शिकणाऱ्याला आणखी काय पाहिजे?

नोकऱ्यांचं म्हणाल तर त्या बऱ्याचशा कायद्यांमुळं तयार झाल्यात, हे पुरवणीत यायला हवं होतं. १९४८ च्या कारखाने कायद्यानं ५०० किंवा जास्त कामगार असतील तिथं कल्याण अधिकारी सक्तीचा केला. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेनं तो आकडा २५० वर आणला. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या पोरांसाठी ही साधी गोष्ट नव्हे. जाता जाता: बहुसंख्य कामगारांची भाषा अधिकाऱ्याला आली पाहिजे अशी अट असायची. आज भट्टीवर उभं राहून बघा, ती भाषा मराठीच निघेल याची खात्री नाही. बिहार-ओडिशाचं पोर पोळलं तर त्याच्याशी बोलणार कोण, हा प्रश्न मी एचआरवाल्या मुलांना आवर्जून विचारतो.

घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यातला संरक्षण अधिकारी, बाल न्याय कायद्याखालचे बाल संरक्षण अधिकारी, कौटुंबिक न्यायालयातले समुपदेशक, सरकारी रुग्णालयातले समाजसेवा अधीक्षक, एचआयव्ही तपासणी केंद्रातले समुपदेशक, हे सगळे आपल्याच जिल्ह्यात काम करतात. पण लोकांना ते ‘ऑफिसातले साहेब-मॅडम’ वाटतात. मानसिक आरोग्याकडं जायचं असेल तर २०१७ च्या कायद्याप्रमाणं मनोविकृती समाजकार्यातलं दोन वर्षांचं एम.फिल. लागतं, एमएसडब्ल्यूवर भागत नाही. कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के समाजासाठी खर्चायला लावलेत (त्यालाच ‘सीएसआर’ म्हणतात), तिथंही माणसं लागतात. (आपल्याकडं अजून सीएसआर म्हणजे शाळेला बाकडी आणि त्यावर कंपनीचं नाव, एवढंच बहुतेकांना माहीत आहे.)

पगाराचं लपवून ठेवण्यात अर्थ नाही. सरकारी योजनांतल्या पुष्कळ जागा कंत्राटी, अकरा-अकरा महिन्यांच्या. मानधन वेळेवर येईलच असं नाही. वर सांगितलेली राधानगरीची मुलगी आज समुपदेशक आहे आणि तिचा पगार आमच्या जुन्या फिटरपेक्षा कमी आहे. वकिलांना बार कौन्सिल आहे, नर्सना परिषद आहे. समाजकार्याला देशपातळीवर स्वतःची परिषद अजून नाही. २०२१ च्या आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्यात वैद्यकीय आणि मनोविकृती समाजकार्य करणाऱ्यांना जागा मिळाली, बाकीचे बहुतेक बाहेरच. म्हणून उद्या कुणीही कार्डावर ‘समाजसेवक’ छापतो, आणि आमची पोरं त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बसतात. नोकरी देणारेही ‘सेवाभावी आहात ना, मग पगाराचं काय घेऊन बसलात’ म्हणायला मोकळे. आपल्या त्या चार ओळींचा मला राग आला तो यासाठीच.

नुसत्या सेवाभावावर काय होतं ते आपण २०१९ च्या ऑगस्टात बघितलंय. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोकापातळी कधीच मागं टाकली होती, शिरोलीत हायवे पाण्याखाली, ट्रक दिवसेंदिवस उभे. राज्यभरातून मदत आली. माणसांचं मन मोठं, त्यात शंकाच नाही. पण शिरोळ तालुक्यातल्या छावण्यांत जुन्या कपड्यांचे ढीग लागले आणि बायकांना साध्या सॅनिटरी नॅपकिनसाठी कुणाला सांगावं कळेना. एका शाळेतल्या छावणीत एमएसडब्ल्यूच्या पोरांनी टेबल टाकलं आणि वर्गवार यादी केली: गरोदर कोण, रोजच्या गोळ्या कुणाच्या सुटल्यात, कुणाचं रेशनकार्ड पाण्यात गेलं, कोण एकटं आहे. मग मदतीचा टेम्पो आला की टेबलावरची पोर सांगायची, ‘हे नको, त्या वर्गात इन्सुलिन पाहिजे.’ २०२१ ला परत पूर आला तेव्हा त्याच गावच्या ग्रामसेवकानं ती वही आहे का म्हणून विचारलं होतं.

घरच्यांची एक भीती मला नेहमी ऐकू येते: मुलगी वस्त्यांमधून, दवाखान्यांतून, पोलीस ठाण्यातून फिरणार, तिचं कसं व्हायचं? भीती खोटी नाही. चांगलं कॉलेज पहिल्या वर्षी दोघा-दोघांना पाठवतं, संध्याकाळची वेळ ठरवून देतं आणि शिक्षकाचा फोन चालू असतो. हेही विचारून घ्यावं. भिडस्त मुलींचं या कामात काही अडत नाही, उलट ऐकून घ्यायची सवय त्यांना आधीच असते. फार बोलणाऱ्या मुलांनाच गप्प बसायला शिकवताना आमचा घाम निघतो.

शाहू महाराजांच्या नावानं पत्र संपवायची आपल्याकडं पद्धत आहे, ती मी मोडतो. माझी विनंती एवढीच की, पुढच्या पुरवणीत समाजकार्याला अर्धं पान द्या आणि ते प्राचार्यांकडून लिहून घेऊ नका. जिल्ह्यातला एक संरक्षण अधिकारी, रुग्णालयातला एक समाजसेवा अधीक्षक आणि कारखान्यातला एक कल्याण अधिकारी यांना बसवून त्यांचा सोमवार कसा जातो ते विचारा. पगाराचा आकडाही छापा, जो असेल तो. आमच्या गल्लीतल्या त्या मुलीनं तोवर बीएला नाव घातलंय. एमएसडब्ल्यूचं तीन वर्षांनी बघू म्हणतेय. तिच्या वडिलांना मी शनिवारी एका फील्डवर्कच्या मुलाची वही दाखवायला बोलावलंय.

आपला,
एक निवृत्त कामगार कल्याण अधिकारी
उचगाव, ता. करवीर, जि. कोल्हापूर