इलेक्ट्रिक गिटार उघडायला घाबरू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात संगीतावर भरपूर छापून येतं, गिटार वाजवणाऱ्यांच्या मुलाखती येतात, कोणाकडे कुठल्या कंपनीची गिटार आहे तेही येतं, पण ती गिटार आतून कशी असते आणि घरच्या घरी ती बनवता येते किंवा हवी तशी बदलून घेता येते याबद्दल कधीच काही येत नाही, म्हणून हे पत्र. मी बरीच वर्षं फावल्या वेळात इलेक्ट्रिक गिटारी बनवतेय, जुन्या घेऊन नीट करतेय, ओळखीच्यांच्या सेट करून देतेय, आणि एक गोष्ट मला सारखी दिसते ती म्हणजे लोक वर्षानुवर्षं एकच गिटार वाजवतात पण तिचा एक स्क्रूसुद्धा कधी फिरवून बघत नाहीत. नीट वाजत नाहीये? मग नवीन घेऊ. जुनी कव्हरमध्ये घालून कपाटावर. मला हे खरंच बघवत नाही.

कारण हे वाद्य मुळातच उघडता यावं असं बनवलेलं आहे. लिओ फेंडर हा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, आणि १९५० च्या सुमाराला त्याने जी सॉलिड बॉडीची, म्हणजे भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली, जी पुढे टेलिकास्टर म्हणून ओळखली गेली, तिचा नेक, म्हणजे तारा दाबायचा लांब दांडा, गोंदाने चिकटवलेला नाही तर चार स्क्रूंनी बसवलेला आहे. सगळे नॉब आणि स्विच एका धातूच्या पट्टीवर, दोन स्क्रू काढले की पट्टी हातात येते आणि सगळं वायरिंग समोर. रेडिओवाल्याचा विचार आहे हा, बिघडेल ते काढता आलं पाहिजे, बदलता आलं पाहिजे. आजही जगातल्या कितीतरी इलेक्ट्रिक गिटारी याच पद्धतीने जोडलेल्या असतात, तरीही लोकांना वाटतं की आत हात घालणं हे फक्त कारखान्यातल्या तज्ज्ञाचं काम.

आणि इतिहास बघितला तर घरी खटपट करणाऱ्यांनीच हे वाद्य पुढे नेलंय. लेस पॉल या अमेरिकन गिटारवादकाने १९४० च्या सुमाराला चार बाय चार इंचाच्या पाइनच्या ठोकळ्यावर पिकअप (तारेची थरथर पकडणारा चुंबकाचा भाग) आणि तारा लावून वाजवून बघितलं, मग लोकांना ती गिटार वाटावी म्हणून एका पोकळ गिटारीचे दोन अर्धे भाग बाजूंना जोडले. क्वीन या बँडचा ब्रायन मे आणि त्याच्या वडिलांनी १९६३ मध्ये घरीच गिटार बनवायला घेतली, नेकसाठी जुन्या फायरप्लेसचं महोगनी लाकूड, ट्रेमोलोला (सूर हलवायच्या दांडीची यंत्रणा) जुन्या मोटरसायकलच्या इंजिनातल्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, नेकवरच्या खुणांसाठी शिंपल्याची बटणं, आणि तीच गिटार तो पुढे आयुष्यभर मोठमोठ्या स्टेजवर वाजवत आला. रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलननेही सुटी बॉडी आणि सुटा नेक घेऊन त्यात दुसऱ्या गिटारीतला पिकअप बसवला. म्हणून कोणी सुट्या भागांचं किट आणून गिटार जोडली की तिला हलकं लेखणारे लोक भेटतात तेव्हा मला राग येतो. किटमध्येही कष्ट आहेत हो. ब्रिज (बॉडीवर तारा जिथे टेकतात तो भाग) कुठे बसवायचा हे ड्रिल मारायच्या आधी ठरवावं लागतं, दोन्ही कडेच्या तारांच्या जागी नटपासून (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत दोन दोरे ताणून धरायचे आणि नेकच्या दोन्ही कडांपासून दोऱ्यांचं अंतर सारखं येतंय का ते बघायचं, एका बाजूला दोन मिलिमीटर जरी सरकलं तर पातळ तार वाजवताना बोर्डावरून खाली घसरत राहते आणि मग कितीही महागडा पिकअप लावा, उपयोग शून्य.

पिकअपचं म्हणाल तर तिथे गूढ असं काही नाही. लोहचुंबक, त्याच्याभोवती केसापेक्षा बारीक तांब्याची तार, साधारण ०.०६३ मिमी जाडीची, एका सिंगल कॉइलमध्ये ढोबळमानाने सात-आठ हजार वेढे, आणि वरून जाणारी स्टीलची तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि कॉइलमध्ये बारीकसा व्होल्टेज तयार होतो, झालं. तीच कॉइल घरातल्या विजेची घरघरही पकडते म्हणून १९५५ मध्ये गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हरने दोन कॉइल उलट-सुलट जोडून घरघर एकमेकांत कापली जाईल अशी रचना केली, तो हंबकर. हे एकदा समजलं की बदल काय करायचा ते कळायला लागतं. उदाहरणार्थ आवाज फार टोचतो म्हणून लोक नवा पिकअप शोधायला लागतात, पण आधी आत २५० किलोओहमचा पॉट (नॉबखालचा, फिरवून कमी-जास्त करायचा रोध) आहे की ५०० चा ते बघा ना. पॉट जितक्या कमी किलोओहमचा तितका वरचा तीक्ष्ण आवाज जास्त गळून जातो, सिंगल कॉइलला बहुधा २५० आणि हंबकरला ५०० लावतात ते याच कारणासाठी. टोनच्या नॉबवरचा कॅपॅसिटर ०.०४७ मायक्रोफॅरडचा काढून ०.०२२ चा लावला तर नॉब खाली आणल्यावर आवाज तेवढा गुदमरत नाही. हे दोन बारीक पार्ट आणि सोल्डरिंगचं काम. सोल्डर करताना टाका गुळगुळीत आणि चकचकीत यायला हवा, मळकट गोळा बसला तर तो कधी ना कधी खरखर करणारच, आणि पॉटच्या पाठीवर अर्थिंगची वायर लावताना सोल्डरिंग आयर्न पुरेसं तापलेलं नसेल तर टाका नुसता वर बसतो, धरत नाही. खिडकी उघडी ठेवा, धूर नाकात घेऊ नका.

पण माझा खरा जीव अडकलाय तो नेकमध्ये. लोक पैसे घालवतात रंगावर, लाकडाच्या नक्षीवर, नावावर, आणि ज्या जागेला बोटं लागतात तिकडे कोणी बघत नाही. नेकवरच्या फ्रेटच्या, म्हणजे आडव्या धातूच्या पट्ट्यांच्या, जागा शुद्ध गणित आहे, तारेची वाजणारी लांबी ६४८ मिमी असेल तर तिला १७.८१७ ने भागा, ३६.३७ मिमी येतं, नटपासून तेवढ्यावर पहिला फ्रेट, मग उरलेल्या लांबीला परत तेवढ्यानेच भागा, दुसरा फ्रेट, असं करत बाराव्याला बरोब्बर अर्ध्यावर ३२४ ला पोचता. जागा चुकली तर सूर कायमचा चुकला, ते नंतर कशानेच सुधारत नाही. जागा बरोबर असल्या तरी फ्रेटची उंची सारखी असेलच असं नाही, आणि तार एका ठिकाणी दाबली की पुढचा उंच फ्रेट तिला लागतो आणि झिर्रर्र असा आवाज येतो.

हे कसं काढतात ते सांगते, कारण एवढं समाधान देणारं काम मला दुसरं माहीत नाही. तारा काढायच्या, नेकच्या आतल्या ट्रस रॉड नावाच्या सळईने नेक एकदम सरळ करून घ्यायचा, बोर्डाचं लाकूड खरवडू नये म्हणून फ्रेटच्या मधल्या सगळ्या जागांवर टेप लावायची आणि मग प्रत्येक फ्रेटच्या माथ्यावर काळ्या मार्करने रेघ ओढायची. आता एक अगदी सपाट धातूची पट्टी, तिच्या खाली पॉलिशपेपर चिकटवलेला, ती नुसत्या तिच्या वजनावर नेकच्या लांबीने पुढे-मागे फिरवायची, वरून दाब द्यायचा नाही. चार-पाच फेऱ्यांनंतर थांबून बघा, उंच फ्रेटवरची शाई गेलेली असते आणि तिथे चांदीसारखी धातूची रेघ चमकत असते, खालच्या फ्रेटवर शाई जशीच्या तशी. कुठे चढ कुठे उतार हे डोळ्यांना एरवी कधीच दिसलं नसतं ते समोर काळ्या-पांढऱ्यात उमटतं. सगळ्यात खाली राहिलेल्या फ्रेटवरचीही शाई जाईपर्यंत फिरवत राहायचं आणि मग थांबायचं, एक फेरीही जास्त नाही कारण फ्रेटचा धातू परत येत नाही. यानंतर माथे सपाट झालेले असतात, ते खास गोल खाचेच्या कानशीने परत गोलाकार करायचे, मग ४०० पासून बारीक बारीक होत २००० नंबरपर्यंतच्या पेपरने घासायचे. असा नेक हातात घेऊन तार बेंड केली, म्हणजे बोटाने आडवी ताणली, की बोट घसरतं ते लोण्यावरून घसरल्यासारखं.

ट्रस रॉडला लोक जाम घाबरतात. ही सळई हवी कशाला, तर सहा तारा मिळून नेकवर ४० ते ५० किलोचा ताण देत असतात, त्याला तोलून धरायला. तार पहिल्या फ्रेटवर आणि बॉडीला नेक जिथे जुळतो तिथल्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी फट बघा, साधारण पाव मिलिमीटर असली की बरं. नसेल तर योग्य मापाच्या किल्लीने पाव वळसा, परत सुरात लावायचं, परत बघायचं. जोर लावावा लागला तर तिथेच थांबायचं. एवढाच नियम.

नटबद्दल एक लिहिलंच पाहिजे. माझ्या मैत्रिणीची गिटार सुरात राहतच नाही म्हणून तिने वाजवणं सोडलं होतं, ट्यूनर (तारा पिळायच्या खुंट्या) बदला असं तिला सांगितलेलं. मी तिसरी तार हळूहळू वर चढवून बघितली तर सूर हलेचना, हलेचना आणि मग एकदम टिक् आवाज होऊन वर उडी. म्हणजे तार नटच्या खाचेत अडकत होती, ट्यूनरचा काही संबंधच नाही. तारेच्या जाडीच्या कानशीने खाच जराशी मोकळी केली, खाचेचा उतार ट्यूनरच्या बाजूला दिला, पेन्सिलीच्या शिशाची भुकटी आत लावली. गिटार सुरात राहायला लागली. ती आता रोज वाजवते. असे किती लोक असतील जे स्वतःला सूर कळत नाही असं समजून बाजूला झाले आणि दोष खाचेचा होता, विचार करून वाईट वाटतं.

लाकडावरून भांडणं खूप होतात, मी माझं मत सांगते, सॉलिड बॉडीच्या गिटारीत लाकडामुळे पडणारा फरक हा पिकअप तारेपासून किती लांब आहे, तारा किती जुन्या आहेत आणि फ्रेट कसे आहेत यापेक्षा फार कमी आहे. लाकूड वाळलेलं हवं हे मात्र शंभर टक्के, ओलं लाकूड नंतर पिळवटतं. आणि शिसवच पाहिजे असा हट्ट नको. शिसवाच्या जातींची इतकी तोड झाली की २०१७ मध्ये त्या सगळ्या कुळाचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या कराराच्या नियंत्रणाखाली आणावा लागला, २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली पण झाडं काही परत आली नाहीत. जुनं कपाट, मोडका पलंग, टेबलाची फळी, यातलं लाकूड वर्षानुवर्षं वाळलेलं असतं आणि उत्तम चालतं. घासताना मास्क लावाच, लाकडाची बारीक धूळ कॅन्सरला कारण ठरते हे सिद्ध झालेलं आहे, आणि जवसाचं तेल लावलेली फडकी चुरगळून टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात, पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

काही जण म्हणतात बदल केले की गिटार ओरिजिनल राहत नाही, विकताना भाव येत नाही. काढलेले पार्ट पिशवीत नाव घालून ठेवा, हवं तेव्हा परत लावता येतात. हां, १९५०-६० च्या दशकातली अस्सल जुनी गिटार कोणाकडे असेल तर तिला हात लावू नका, तिच्यातला जुना टाकासुद्धा जपायला हवा, मी स्वतः अशा गिटारीचा टाका उकलणार नाही. पण कारखान्यातून लाखोंनी निघालेली गिटार आपल्या बोटांना बसत नसेल तर ती तशीच सोसत राहण्यात कसला आलाय मान?

संपादक महोदय, माझी विनंती अशी की आपल्या पुरवणीत वाद्य बनवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या लोकांना नियमित जागा द्या, फक्त गिटारच असं नाही, पण त्यांच्या हातांचे, हत्यारांचे, उघड्या वाद्यांचे फोटो छापा, एखाद्या तरुण मुलाला किंवा मुलीला ते बघून स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यावासा वाटेल. आणि ज्यांची गिटार कपाटावर आहे त्यांनी नव्या तारा आणा, लावताना वर सांगितल्याप्रमाणे नटच्या खाचा बघा, लावल्यावर नेकची फट बघा आणि मग प्रत्येक तारेचा बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसतं बोट टेकवून येणारा सूर) आणि तिथेच दाबून येणारा सूर इलेक्ट्रॉनिक ट्यूनरवर जुळतोय का ते तपासा, दाबलेला सूर वर जात असेल तर ब्रिजवरचा त्या तारेचा सॅडल (तार टेकते तो सरकता तुकडा) थोडा मागे सरकवा, खाली येत असेल तर पुढे.

आपली,
एक नियमित वाचक